राखलेलं बी

मळ्याचा खरा नियम एकच होता: वाट्याला आलेल्या भाजीला नाव ठेवायचं नाही. बाकीचे नियम शेडच्या भिंतीवर चिकटवलेले होते, पण ते कोणी वाचत नसे. हा मात्र पोरासोरांनाही पाठ होता.

मळा शहराच्या कडेला, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे होता. आजूबाजूच्या वस्तीतल्या कुटुंबांनी मिळून तो कसायला घेतला होता. प्रत्येक घरानं पाळीपाळीनं तिथं राबायचं आणि दर शनिवारी जे काही निघालं असेल ते सगळ्यांनी सारखं वाटून घ्यायचं. टोमॅटो चांगले आले तर सगळ्यांचे चांगले, किडले तर सगळ्यांचे किडके. "बाजारात निवडून निवडून घेतो, म्हणून तर माणसं अशी झाली आहेत," असं कप्तान म्हणत. कप्तान म्हणजे या कुटुंबांच्या मंडळाचे प्रमुख. जन्मभर नदीवरची फेरीबोट या काठाहून त्या काठाला नेलेला माणूस. माणसं अशी म्हणजे कशी, हे त्यांनी कधी फोड करून सांगितलं नाही. पण ऐकणारे माना डोलवायचे आणि पोचट मुळे घरी नेऊन निमूटपणे किसायचे.

रफूवाली या भानगडीत पडली ती नवऱ्यामुळे. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर इमारतींच्या पोटात, ग्रीस आणि तारांच्या संगतीत राहणारा माणूस. सुटीच्या दिवशी तरी डोक्यावर आभाळ असावं, एवढीच त्याची मागणी. ती स्वतः एका लॉन्ड्रीच्या माडीवर बसून रफू करायची. कोटाला भोक पडलं, शालीला कसर लागली, की कापड तिच्याकडे यायचं. रफूचं काम मोठं कृतघ्न. वाईट झालं तर साऱ्या जगाला दिसतं आणि चांगलं झालं तर दिसतच नाही; मग न दिसणाऱ्या कामाचं कौतुक कोण करणार? गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून बघायचं, "भोक नेमकं कुठं होतं हो?" असं विचारायचं आणि चालायला लागायचं.

घरीही तीच गत. सासूबाईंनी सगळी नोकरी बसस्थानकाच्या तिकीटखिडकीमागे काढली होती. "सुटे नसतील तर बाजूला व्हा" हा सूर त्यांनी निवृत्त झाल्यावरही सोडला नव्हता, आणि सुनेशी त्या त्याच सुरात बोलायच्या. भांडण म्हणावं असं दोघींत कधी झालं नाही. भांडायला समोरच्याची दखल तरी घ्यावी लागते.

मळ्यात पहिल्या वर्षी कामं वाटली गेली तेव्हा बियाण्याचं काम उरलं. फळ वेलावरच पिकवायचं, बी काढायचं, धुवायचं, सावलीत वाळवायचं, किडीपासून राखायचं. असलं नाजूक आणि कंटाळवाणं काम कोणाला नको होतं. "हिचा हात हलका आहे," असं नवरा सहज बोलून गेला आणि ते तिच्या गळ्यात पडलं. पण गळ्यात पडलेलं काम तिला साजून गेलं. पुढच्या वर्षी तिनं राखलेलं बी झाडून सगळं उगवलं. हिरवे, लांबट, कोवळे भोपळे असे लागले की वाटता वाटता लोक दमले. बाजारातून बी आणायची गरज उरली नाही, आणि आपलं बी आपण राखतो याचा मंडळाला भलताच अभिमान वाटू लागला. तिला सगळे 'वहिनी' म्हणू लागले. रस्त्यात थांबवून विचारू लागले. आणि मळ्यावरच्या एका जेवणात, अनोळखी पाहुण्यांसमोर, सासूबाई ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "बी आमच्या हिचं आहे."

तेवढ्यावर ती कितीतरी दिवस जगली. लॉन्ड्रीच्या माडीवर सुई ओवताना ते वाक्य तिला आठवायचं आणि ती एकटीच हसायची.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून उगवलं. भोपळ्याचं बी शुद्ध राखायचं तर एक नाजूक काम करावं लागतं. उद्या उमलणारं फूल आज संध्याकाळी दोऱ्यानं बांधून ठेवायचं, म्हणजे मधमाशी आत शिरत नाही. सकाळी आपल्या हातानं त्यावर दुसऱ्या फुलाचा पराग लावायचा आणि पुन्हा बांधायचं. मग जे फळ धरेल ते बियाण्याचं. पहिल्या वर्षी रफूवालीनं हे सगळं मन लावून केलं होतं. दुसऱ्या वर्षी थंडी लवकर आली, लोकांनी पेट्यांतून गरम कपडे काढले, त्यांना कसर लागलेली, आणि माडीवर कोटांचा ढीग पडला. संध्याकाळी मळ्यावर जायला जमेना. तिनं विचार केला, गेल्या वर्षी इतकं छान उगवलं, वेल तोच, माती तीच. हंगामाच्या शेवटी तिनं फाटकाजवळच्या कुंपणावरचे दोन-तीन थोराड भोपळे बियाण्यासाठी काढून घेतले.

त्याच कुंपणाला लागून मंडळातल्या मुलांनी शोभेचे भोपळे लावले होते. पिवळेजर्द, पट्ट्यापट्ट्यांचे, अंगावर फोड आलेले. दिसायला गोजिरे आणि तोंडात घालण्याच्या लायकीचे नाहीत. मधमाशीला कुठलं आलंय कुंपण? हे रफूवालीला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण तेव्हा ती वहिनी झाली होती, आणि वहिनीचं बी वाईट निघेल असं तिच्या मनातच आलं नाही.

यंदाचा पहिला भोपळा तिनं घरी चिरला तेव्हा तो दिसायला नेहमीसारखाच होता. भाजी शिजत असताना तिनं एक फोड जिभेवर ठेवली आणि तशीच मोरीकडे धावली. कडू म्हणजे नुसतं कडू नव्हे. जीभ आखडून यावी, कानामागं कळ जावी असं कडू. तिनं तीनदा चुळा भरल्या. मग पातेलं खाली केलं, भाजी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कचऱ्याच्या टोपलीत तळाशी सारली. त्या रात्री नवऱ्यानं विचारलं, "आज भोपळा करणार होतीस ना?" ती म्हणाली, "करपली भाजी."

एखादा वेल बिघडला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. दुसरा भोपळा चिरला. तो चांगला होता. तिसरा पुन्हा कडू. कुठला वेल कडू आणि कुठला गोड हे वरून ओळखू येत नव्हतं, आणि शेडमध्ये सगळ्यांचा एकच ढीग व्हायचा.

शनिवारी वाटपाच्या वेळी पोस्टमनकाका आले. निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण वस्ती अजून त्यांना पोस्टमनच म्हणायची. माणूस थट्टेखोर. क्रेट उचलता उचलता म्हणाले, "वहिनी, तुमचा भोपळा आमच्याकडे कारल्याचं सोंग घेऊन आला होता."

आजूबाजूचे हसले. कोणीतरी म्हणालं, "आमच्याकडेही." आणखी एका बाजूनं, "हो ना, जरा कडवटच." हसू हळूहळू विरलं आणि सगळे तिच्याकडे पाहू लागले. कप्तानांनी घसा खाकरला. नियम मोडत होता, पण थट्टेत मोडत होता, त्यामुळे काय करावं ते त्यांना सुचेना. सासूबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांची नजर सुनेच्या तोंडावर होती.

खरं बोलायची वेळ ती होती. बी बिघडलंय, माझ्या हातून बिघडलंय, भोपळ्याचे वेल उपटून टाका. एवढंच म्हणायचं होतं. लोक चार दिवस कुरकुरले असते आणि विसरले असते. पण तिला वाटलं, आपण पुन्हा माडीवरची बाई होणार.

"उन्हाळा कडक गेला ना, त्यानं होतं असं," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला फार सराईत वाटला. "चिरल्यावर मीठ चोळून ठेवायचं. पाणी सुटलं की घट्ट पिळून टाकायचं. मग भाजीत थोडी साखर, थोडं आंबट आणि मसाला जरा चढा. आणि एकच भोपळा नाही करायचा, चार-पाच एकत्र करायचे. कडूपणा कळतसुद्धा नाही."

"कडू कारलं, तुपात तळलं, साखरेत घोळलं..." पोस्टमनकाकांनी म्हण सुरू केली. पण कप्तान मध्येच म्हणाले, "बघा, विचारलं की उत्तर मिळतं. नाव ठेवायची गरज नाही." आणि विषय मिटला.

तिची युक्ती घराघरांत पोचली. बायका एकमेकींना फोन करून सांगू लागल्या. कोणी मीठ लावून रात्रभर ठेवलं, कोणी आधी उकडून पाणी ओतून दिलं, कोणी वर भाजलेल्या दाण्यांचं कूट घातलं. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातली चष्मेवाली तर हरखूनच गेली. तिला दोन लहान मुलं, दोघंही खाण्याच्या बाबतीत भारी नखरेल. ती माडीवर येऊन सांगून गेली, "वहिनी, पोरांना ओळखूच येत नाही आता. ताट चाटूनपुसून. तुमचे उपकार कसे फेडू?"

रफूवालीनं सुईवरून मान वर केली नाही. "उपकार कसले," ती म्हणाली.

स्वतःच्या घरात तिनं भोपळा शिजवणं बंद केलं होतं. वाट्याला येणारे भोपळे ती कागदात गुंडाळून टोपलीत टाकायची आणि वर कांद्याची टरफलं पसरायची. आपल्या मुलीच्या ताटात जे वाढवत नाही ते साऱ्या वस्तीला खायला शिकवायचं, हे काही बरं लक्षण नव्हे. तिला ते कळत होतं, आणि त्यामुळे झोप लागत नव्हती. पण कडू म्हणजे कडू, एवढंच तिच्या मनात होतं. कडवटपणानं कोणी मरत नाही, असं ती कूस बदलताना म्हणायची.

पुढच्या शनिवारी पोस्टमनकाका आले नाहीत. पोट बिघडलंय, असं कळलं. त्यांच्या बाई घाईघाईनं येऊन गेल्या, त्यांचे डोळे सुजले होते, आणि घरी भाजी आणायला वेळ नाही म्हणाल्या. आजारी घराचा वाटा दारात नेऊन द्यायचा, ही मंडळाची चांगली पद्धत. तशी दोघांनी क्रेट नेऊन दिली. वर ठेवलेले भोपळे छान कोवळे होते.

त्यानंतरच्या मंगळवारी रफूवाली संध्याकाळी माडीवरून घरी आली, तर सासूबाई न्हाणीच्या दारात जमिनीवर बसलेल्या. चेहरा पांढराफटक. बाजूला बादली. आत दिवाही लावलेला नव्हता.

"आई, काय झालं?"

"काही नाही. दुपारपासून उलट्या होतायत." त्यांनी श्वास घेतला. "टोपलीतले भोपळे मी काढले."

तिला आधी कळलंच नाही.

"कचरेवाली बाई काय बोलली माहितीये? वहिनींच्या घरच्या कचऱ्यात भोपळेच भोपळे निघतात म्हणाली. बीवाली बाई स्वतःचे भोपळे खात नाही, हे चार जणांना कळलं असतं तर? मी धुतले आणि केले. दोन वाट्या खाल्ल्या, तिच्यासमोर बसून. छान झालेत म्हटलं."

"पण कडू नाही लागले?"

"मला गोळ्यांनी चव कुठं उरलीय? सगळं मातीसारखंच लागतं." आणि त्या पुन्हा बादलीवर वाकल्या. या खेपेला बादलीत रक्त होतं.

हॉस्पिटलात त्यांना आतल्या खोलीत घेतलं. हाताला सलाईन लागलं. नवरा मुलीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसला आणि रफूवाली आत राहिली. डॉक्टर तरुण होता, थकलेला, पण माणूस म्हणून चांगला. सासूबाईंना त्यानं कालपासूनचं सगळं खाणं विचारलं. मग म्हणाला, "कडू काही खाल्लंत का? काकडी, भोपळा असं?"

रफूवालीनं तोंड उघडलं. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिकीटखिडकीमागची होती. रांगेत घुसणाऱ्याला जागच्या जागी उभं करणारी.

"नाही," त्या डॉक्टरला म्हणाल्या. "बाजारातून क्रीमची पेस्ट्री आणली होती. वास येत होता, तरी खाल्ली."

"विचारायचं कारण," डॉक्टर नाडी बघत म्हणाला, "वरच्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत. असंच झालंय त्यांना, आणि ते अजून शुद्धीवर नाहीत. मला कडू भोपळ्याचा संशय आहे. काही वेलांत विष उतरतं. जिभेला कडू लागतं तोच इशारा. लागलं की थुंकायचं, बस. शिजवून, साखर घालून ते जात नाही, इशारा तेवढा जातो. पण त्यांच्या बाई म्हणतात, आम्ही बाहेरचं खातच नाही, घरचीच भाजी. घरची म्हणजे कुठली, ते काही सांगेनात."

"निवृत्त पोस्टमन आहेत का?" रफूवालीनं विचारलं.

"असतील. ओळखता?"

"वस्तीतले आहेत," सासूबाई म्हणाल्या. "वय झालंय त्यांचं."

डॉक्टर गेला. रफूवाली खाटेच्या कडेला बसली. सुई धरणारे हात तिनं मांडीखाली दाबून धरले.

"आई, खरं सांगायला हवं. डॉक्टरला औषध तरी नीट देता येईल."

"ते देतायत ते देतायत. पेस्ट्रीनं होवो नाही तर भोपळ्यानं, सलाईन एकच."

"वर पोस्टमनकाका आहेत. आणि शनिवारी पुन्हा वाटप आहे."

"तोवर संपतील भोपळे."

"नाही संपणार. आत्ता कुठं बहर आलाय."

सासूबाईंनी सलाईन लागलेला हात पोटावर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून मी तुला बघतेय. भिंतीला टेकलेल्या शिडीसारखी राहिलीस घरात. कामापुरती घ्यायची, काम झालं की पुन्हा भिंतीला. आम्हीच ठेवलं तसं. मीच ठेवलं." त्यांना धाप लागली. "गेली दोन वर्षं लोक तुला हाक मारतात. मला तुझी सासू म्हणून ओळखतात. बरं वाटतं मला. ते घालवू नकोस."

"आई..."

"सांगायचंच असेल तर मी गेल्यावर सांग." हे त्यांनी त्याच जुन्या सुरात सांगितलं, पुढची गाडी सहा वाजता आहे असं सांगावं तसं. आणि डोळे मिटले.

रफूवालीला रडू आलं. इतकी वर्षं जे मिळावं म्हणून ती या बाईच्या अवतीभोवती फिरली होती, ते आता मिळालं होतं, आणि ते हातात घेववत नव्हतं. खाटेवर पडलेल्या त्या वाळक्या देहाची तिला माया आली आणि भीतीही वाटली. कारण ती बाई जे म्हणत होती ते सोपं होतं. नुसतं गप्प बसायचं. पेस्ट्री वाईट निघाली म्हणून कोणाचं काय बिघडतं?

आणि बसल्या जागी तिचं मन रफू करू लागलं. आज रात्री सामसूम झाली की मळ्यावर जायचं. कुंपणाकडचेच नव्हे, सगळे वेल मुळासकट उपटायचे. सकाळी कप्तानांना सांगायचं, रोग पडला होता, पसरू नये म्हणून काढून टाकले. ते शाबासकीच देतील. घराघरांत उरलेले भोपळे? त्यांवरही रोग आहे, टाकून द्या, असं फोन करून सांगायचं. कडू शब्दही काढायचा नाही. डॉक्टरला जाता जाता कानात सांगायचं, नाव न घेता. टाका कुठं घातलाय ते कोणाला दिसणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सासूबाईंचा शब्दही राहील, मंडळाचा मळाही राहील, आणि ती वहिनीच राहील.

तिनं पदरानं डोळे कोरडे केले. सगळं जमत होतं. फक्त सकाळपर्यंतचा वेळ हवा होता. सासूबाईंचं पांघरूण नीट करून ती दार उघडून बाहेर आली.

बाहेरच्या पॅसेजमध्ये मंडळी जमली होती. बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? कप्तान टोपी हातात घेऊन उभे होते. आणखी दोन-तीन वाटेकरी होते. बाकावर नवरा आणि मुलगी बसली होती, आणि त्यांच्यासमोर चष्मेवाली वाकून डबा उघडून देत होती. आजारी घरी चूल पेटत नाही, म्हणून त्या घराला शिजवलेलं पोचवायचं, हीही मंडळाची पद्धतच. नवऱ्याचा घास तोंडात होता. मुलीनं चमचा भरून घेतला होता.

"वहिनी, या, दोन घास खाऊन घ्या," चष्मेवाली म्हणाली. "कधीची उपाशी असाल."

"आई, भोपळा आहे," मुलगी म्हणाली. "आपल्या घरी तू करतच नाहीस. अजिबात कडू नाही लागत."

रफूवालीनं तिच्या हातावर फटका मारला. चमचा उडून भिंतीवर आपटला. मग तिनं डबा ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला, तेल साडीवर ओघळलं तरी.

"थुंक," ती मुलीला म्हणाली. "तुम्हीपण थुंका. गिळू नका."

"अगं, काय हे?" नवरा उठला.

"विष आहे यात. भोपळ्यात विष आहे. सगळ्या नाही, पण कुठल्या आहे आणि कुठल्या नाही ते कळत नाही. मी फुलं बांधली नाहीत, कुंपणाकडचं बी घेतलं. शोभेच्या वेलाचा संकर झालाय. मला माहीत होतं कडू आहेत. म्हणून घरी केले नाहीत." ती सगळं एका दमात बोलली, थांबली असती तर पुढचं निघालं नसतं.

कप्तान पुढे आले. त्यांनी लहान मुलाशी बोलावं तसा आवाज काढला. "वहिनी, तुम्ही थकल्या आहात. आईंना पेस्ट्रीनं झालंय. आम्ही आत्ताच नर्सला विचारलं."

"आई खोटं बोलल्या. माझ्यासाठी बोलल्या. पोस्टमनकाकांनाही त्यानंच झालंय."

दार उघडंच राहिलं होतं. आत सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं, ते तिला दिसलं. मग नवऱ्यानं मुलीला उचललं आणि डॉक्टर, डॉक्टर करत तो पॅसेजच्या टोकाकडे धावला. इतक्या मोठ्या आवाजात त्याला कोणी कधी ऐकलं नव्हतं. कप्तान टोपीची कड चुरगळत उभे राहिले. एक वाटेकरी बाई घाईघाईनं पर्समध्ये फोन शोधू लागली, दुसरी बाकावर मटकन बसली. त्यांच्या तोंडावर राग यायला अजून वेळ होता. आत्ता ते नुसते मागे जाऊन आठवत होते, काल काय केलं होतं, परवा काय.

चष्मेवाली जागची हलली नव्हती. डब्याचं झाकण तिच्या हातातच होतं.

"पण मी सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं," ती म्हणाली. "मीठ लावलं. पिळून काढलं."

रफूवालीनं डबा आणखी घट्ट धरला.

"पोरांना वाढूनच निघाले मी. शेजारीण बसलीय त्यांच्याजवळ." तिनं झाकणाकडे पाहिलं, मग रफूवालीच्या छातीशी धरलेल्या डब्याकडे. "धाकटीनं तर दोनदा मागून घेतलं. आज गोड झालंय म्हणाली."